ऑफर लेटरनंतर, राजीनाम्याआधी: चाकणमधलं एक प्रकरण

पोटात बाळ असताना नोकरी बदलायची, तर ते नव्या कंपनीला कधी सांगायचं, याची ही गोष्ट. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात ती चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर होती. वय एकतीस, राहायला मोशीत, नवरा पिंपरीत नोकरीला, घरात सासूबाई. वर्ष २०२४. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तारखांचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण या प्रकरणात भावनांपेक्षा तारखांनीच जास्त गोष्टी ठरवल्या.

नोकरी बदलायचं कारण साधं होतं. तिची लाइन गुजरातेत साणंदला हलवायची चर्चा कारखान्यात सुरू होती. कुणी अधिकृतपणे काही बोलत नव्हतं, पण नव्या मशीनची ऑर्डर साणंदच्या पत्त्यावर गेल्याचं स्टोअरच्या माणसांना माहीत होतं, आणि कारखान्यात स्टोअरच्या बातमीइतकी खरी बातमी दुसरी नसते. तिने मे महिन्यात तळेगावच्या एका कंपनीत अर्ज केला. त्याच महिन्याच्या शेवटी घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहून दिली: २५ जानेवारी २०२५.

जूनच्या सुरुवातीला फोनवर पहिली फेरी झाली, २ जुलैला तळेगावच्या प्लांटमध्ये शेवटची. तेव्हा तिला अकरावा आठवडा लागला होता. सकाळी कोरडे उमाळे यायचे, म्हणून पर्समध्ये आवळा सुपारीची डबी. मुलाखतीला तिघं होते: क्वालिटी हेड, प्लांट हेड आणि एचआरच्या मॅनेजर बाई. कामाचे प्रश्न तासभर चालले. मग एचआरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवत विचारलं, "लग्नाला तीन वर्षं झाली म्हणता. मग पुढचं काय प्लॅनिंग?"

ती म्हणाली, "मॅडम, घरी सासूबाई आहेत. ऑडिटच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत थांबायची मला सवय आहे, आणि आताच्या कंपनीत ते सगळ्यांनी पाहिलंय."

हे उत्तर मला फार आवडलं. प्रश्न मुलाबाळांचा होता, पण त्यामागची धास्ती कामाला वेळ मिळेल की नाही याची होती. तिने त्या धास्तीला उत्तर दिलं आणि ते खरं होतं. "नाही हो, सध्या तसं काहीच नाही" असं ती म्हणाली असती तर पुढचं सगळं संभाषण अवघड झालं असतं. न सांगणं आणि खोटं सांगणं यांच्यामधली रेघ बारीक वाटते, पण नोकरीच्या कागदपत्रांत ती चांगली जाड असते. बायकांनी ती पाळावी असं मी म्हणतो ते नीतीसाठी कमी आणि सोयीसाठी जास्त.

मुलाखतीतच सांगायला हवं होतं का? नाही. अकराव्या आठवड्यात नवरा आणि सासूबाई सोडून कुणालाच माहीत नव्हतं. गर्भपात होतात ते बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि "तीन महिने कुणाला सांगू नकोस" या घरातल्या बायकांच्या नियमामागे दृष्टीची भीती असली तरी अनुभवही आहेच. जी बातमी आईला फोनवर सांगितलेली नाही ती तीन अनोळखी माणसांसमोर, तेही ती नोकरी देतील की नाही हे ठरलेलं नसताना, का सांगायची? कायद्यानेही उमेदवारावर तशी सक्ती केलेली नाही. मात्र खासगी कंपनीला हा प्रश्न विचारायला थेट मनाई करणारं कलमही आपल्याकडे नाही. म्हणून तो विचारला जातो, कधी चहा घेताना, कधी ग्लास सरकवताना.

फॉर्मवरचा रकाना

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, आणि तो नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक विवाहित बाईला माहीत असावा. नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ, १९९१. महामंडळाच्या भरतीच्या फॉर्ममध्ये पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, आजवर किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे रकाने होते. उमेदवार बाईंनी शेवटच्या पाळीची चुकीची तारीख लिहिली. महामंडळाच्या स्वतःच्या डॉक्टरने त्यांना नोकरीसाठी योग्य ठरवलं. रुजू झाल्यावर त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. प्रोबेशन चालू होतं, आणि माहिती दडवली म्हणून त्यांना कमी करण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं, असले प्रश्न लाजिरवाणे, किंबहुना अपमानास्पद आहेत असं म्हटलं आणि ते रकाने काढून टाका असं महामंडळाला सांगितलं.

हा निकाल वाचून "मग फॉर्मवर काहीही लिहिलं तरी चालतं" असा अर्थ काढणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. तसं नाही. आयुर्विमा महामंडळ सरकारी, त्यामुळे समानतेचा मूलभूत हक्क तिथे थेट लागू होतो. तळेगावच्या खासगी कारखान्याशी भांडताना तोच आधार तितक्या सरळपणे मिळत नाही. शिवाय ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं होतं. पोटात बाळ असताना दिल्लीपर्यंत भांडत जाण्याची हौस कुणाला असते?

आणि सरकारी संस्था तरी शहाण्या झाल्या म्हणावं तर तेही नाही. ३१ डिसेंबर २०२१ ला स्टेट बँकेने भरतीच्या वैद्यकीय निकषांचं परिपत्रक काढलं: तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेलेली उमेदवार 'तात्पुरती अपात्र', बाळंतपणानंतर चार महिन्यांत तिला रुजू होता येईल. दिल्ली महिला आयोगाने नोटीस पाठवली, चहूकडून टीका झाली आणि २९ जानेवारी २०२२ ला बँकेने ते स्थगित केलं. म्हणजे नीरा माथुर निकालाच्या तीस वर्षांनंतरही देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला हे परिपत्रक काढताना काही वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा तळेगावच्या एचआर बाईंना एकटीलाच बोल लावण्यात अर्थ नाही.

घरातले तीन सल्ले

४ जुलैला एचआरचा फोन आला: निवड झाली, पत्र आठवड्याभरात मेलवर येईल. पगार जवळपास तीस टक्क्यांनी जास्त. त्या रात्री जेवणानंतर घरात बैठक बसली.

हिंजवडीतल्या मैत्रिणीचा सल्ला होता: रुजू हो, दोन महिने काम दाखव, मग सांग. तिने स्वतः तसंच केलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की आहे ती नोकरी धरून ठेव, बाळंतपण होऊ दे, पुढचं पुढे बघू. नणंद दुसऱ्या एका कंपनीत एचआरमध्ये. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "वहिनी, ऑफर लेटर हातात येऊ दे. पण राजीनामा टाकायच्या आधी सांग. मधल्या त्या चार दिवसांतच तुझं पारडं जड असतं."

नणंदेचा सल्ला मला सगळ्यात बरोबर वाटतो, पण तिने दिलेल्या कारणासाठी नाही. पारडं जड असतं हे खरं. कंपनीने निवड केलेली असते, बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो, आणि आता मागे फिरणं त्यांनाही महाग पडतं. पण खरं कारण कायद्याच्या एका फटीत आहे. बाळंतपणाच्या रजेचं संरक्षण हे नोकरीत असलेल्या बाईला आहे. तेव्हाच्या प्रसूती लाभ कायद्याचं कलम १२ गर्भारपणामुळे घेतलेल्या रजेच्या काळात किंवा त्या रजेवरून कामावरून काढायला मनाई करायचं. जी अजून रुजूच झालेली नाही तिची ऑफर मागे घेतली, तर हे कलम तिच्या फारसं उपयोगी पडत नव्हतं. भरतीत बाईशी भेदभाव करू नये हे वेगळ्या कायद्यात होतं आणि आजही आहे, पण 'बजेट कमी झालं' असं दोन ओळींचं मेल आल्यावर खरं कारण सिद्ध कसं करणार? राजीनामा दिला आणि नवी नोकरी अजून सुरू झाली नाही, अशा मधल्या दोन महिन्यांत बाईच्या पाठीशी जुनी कंपनी नसते आणि नवीही नसते. ऑफर मागे घ्यायचीच असेल तर जुनी नोकरी हातात असताना घेतली जावी. राजीनाम्याआधी सांगण्याचा खरा फायदा हा.

सासूबाईंचा सल्लाही टाकाऊ नव्हता. साणंदची टांगती तलवार नसती तर मीही तेच म्हटलं असतं. जुन्या कंपनीत चार वर्षं झालेली, सव्वीस आठवड्यांची पगारी रजा विनासायास मिळाली असती.

कालनिर्णयवरचे ऐंशी दिवस

मैत्रिणीला जे ठाऊक नव्हतं ते नणंदेने सांगितलं. २६ आठवड्यांची रजा हवी तर अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या नियोक्त्याकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेलं हवं. 'त्या नियोक्त्याकडे' हे शब्द महत्त्वाचे. जुन्या कंपनीतली चार वर्षं नव्या कंपनीच्या हिशेबात शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून उतरलं. सासूबाईंनी चष्मा लावला, तिने पेन्सिल घेतली. नोटीस ६० दिवसांची. १५-१६ जुलैला राजीनामा दिला तर सप्टेंबरच्या मध्यावर सुटका. १७ तारखेला अनंत चतुर्दशी, तेव्हा १८ सप्टेंबरला रुजू. कारखान्याचा आठवडा सहा दिवसांचा. रविवार सोडून मोजत गेल्या: सप्टेंबरचे ११, ऑक्टोबरचे २७, नोव्हेंबरचे २६, आणि डिसेंबरात १६. ऐंशीवा दिवस १९ डिसेंबरला पडत होता. गांधी जयंती, दसरा, दिवाळी यांसारख्या कायद्याने ठरलेल्या पगारी सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरतात, त्यामुळे त्या वजा करायच्या नव्हत्या. सासूबाईंनी त्या आधी वजा केल्या, मग पुन्हा मिळवल्या, आणि डिसेंबरच्या पानावर मार्गशीर्षातल्या गुरुवारांपैकी एकाला लाल गोल केला.

याचा अर्थ असा की प्रसूतीच्या आठ आठवडे आधी रजा सुरू करण्याचा कायद्याने दिलेला हक्क तिला वापरता येणार नव्हता. ३० नोव्हेंबरपासून घरी बसली असती तर ६३ दिवसच भरले असते. तिला पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत प्लांटवर जावं लागणार होतं. मग त्यांनी उलटीकडून मोजलं. अपेक्षित तारखेच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे ११ जानेवारीला, ऐंशी दिवस पुरे व्हायचे तर रुजू व्हायची शेवटची तारीख ११ ऑक्टोबर, आणि राजीनाम्याची १२ ऑगस्ट. त्यानंतर ऑफर कितीही चांगली असली तरी ती पगारी रजेवर पाणी सोडूनच घ्यावी लागली असती.

आयटीतल्या पाच दिवसांच्या आठवड्यात हेच ऐंशी दिवस सोळा आठवडे खातात. तिला पाच दिवसांचा आठवडा असता तर १८ सप्टेंबरला रुजू होऊनही ऐंशीवा दिवस ७ जानेवारीला आला असता. शनिवारच्या सुट्टीचा हेवा करणाऱ्या कारखान्यातल्या बायकांना एवढा एक दिलासा.

लाइनवरच्या ऑपरेटर मुलींचं गणित मात्र वेगळं. ज्यांचं वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्या ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत येतात, आणि त्यांना लाभ कंपनीकडून न मिळता महामंडळाकडून मिळतो. तिथे अट आहे ती आधीच्या दोन अंशदान कालावधींत (विम्याचा हप्ता मोजायच्या सहा-सहा महिन्यांच्या मुदतींत) किमान ७० दिवसांचं अंशदान भरलं गेल्याची. विमा क्रमांक बाईचा असतो, कंपनी बदलली तरी तोच राहतो. त्यामुळे कमी पगाराच्या बाईला गरोदरपणात नोकरी बदलणं या एका बाबतीत इंजिनिअर बाईपेक्षा सोपं जातं. हे फार जणींना ठाऊक नसतं.

एक्स-रे

११ जुलैला ऑफर लेटर आलं. तिसऱ्या पानावर 'वैद्यकीय तपासणीत योग्य ठरल्यास' ही नेहमीची अट, सोबत चाकणच्या एका लॅबचं पत्र: रक्त, लघवी, डोळे, कानांची तपासणी, छातीचा एक्स-रे. सात दिवसांत करून घ्यावी.

मैत्रिणीचा सल्ला इथे आपोआप निकालात निघाला. आयटीत बहुतेक ठिकाणी ही तपासणी नसते किंवा नावापुरती असते. कारखान्यात ती होतेच. एक्स-रेच्या खोलीबाहेर 'आपण गर्भवती असल्यास तंत्रज्ञांना सांगा' अशी पाटी असते, आणि सांगावंच. छातीच्या एक्स-रेत पोटापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो, तरीही निकड नसलेला एक्स-रे डॉक्टर पुढे ढकलायला सांगतात. तिने लॅबमध्ये सांगितलं असतं तर अहवालात 'एक्स-रे केला नाही, कारण गर्भावस्था' असं छापून ते थेट एचआरच्या इनबॉक्सात गेलं असतं. बातमी कळणारच होती. ती तिच्या तोंडून कळायची की लॅबच्या शेऱ्यातून, एवढाच प्रश्न उरला होता.

१३ जुलैच्या शनिवारी बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक होतं. १५ तारखेला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन केला. एचआरला केला नाही. क्वालिटी हेडला केला. हा निर्णयही मला नीट विचार केलेला वाटतो. एचआरकडे नियम असतो आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्याकडे गरज असते. आधी गरजेशी बोलावं.

तिने जे सांगितलं ते साधारण असं: "सर, ऑफर लेटर मिळालं, मला यायचंच आहे. राजीनामा देण्याआधी तुमच्या कानावर एक गोष्ट घालायची होती. मला तिसरा महिना पूर्ण होतोय. तारीख जानेवारीच्या शेवटी आहे. म्हणजे सप्टेंबरपासून डिसेंबर संपेपर्यंत मी पूर्ण वेळ असेन, मग सहा महिने रजा. तुमच्या नव्या भागाची पीपीएपी डिसेंबरात द्यायची आहे असं तुम्ही म्हणाला होतात. ती मी संपवून जाईन. पुढच्या ऑडिटसाठी कुणाला तयार करायचं ते तुम्ही सांगा, मी पहिल्या दिवसापासून त्याला बरोबर घेईन."

या बोलण्यात माफी कुठेच नाही, हे लक्षात घ्यावं. "सॉरी सर, पण" अशी सुरुवात आपल्याकडे सहज होते. तिने बातमी दिली आणि लगेच कामाचा आराखडा पुढे ठेवला. पीपीएपी म्हणजे नवा भाग नियमित पुरवण्याआधी ग्राहकाची मंजुरी घ्यायची फाइल. तिची तारीख चुकली तर प्लांट हेडपर्यंत सगळ्यांना घाम फुटतो. तिला तिथे घेत होते ते मुख्यतः त्यासाठीच.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अभिनंदन." आणखी थोड्या वेळाने, "फेब्रुवारीत आयएटीएफचं ऑडिट आहे, ते कोण बघेल?" (आयएटीएफ म्हणजे वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक.) ती म्हणाली, "म्हणूनच आत्ता सांगतेय सर. सात महिने आहेत." सर म्हणाले, "मी एचआरशी बोलतो. तुम्ही मेल टाका."

एचआरच्या बाईंचा संध्याकाळी फोन आला. "मॅडम, हे तुम्ही इंटरव्ह्यूलाच सांगायला हवं होतं." तिचं उत्तर: "मॅडम, तेव्हा मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता सगळं ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी तुम्हाला सांगतेय." यावर बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही.

नऊ दिवस

तिने त्याच रात्री मेल केलं. त्यात चार गोष्टींची लेखी खात्री मागितली: ऑफर कायम आहे, एक्स-रे प्रसूतीनंतर होईल आणि तोवर स्त्रीरोगतज्ज्ञांचं 'कामासाठी योग्य' हे प्रमाणपत्र चालेल, गट आरोग्य विम्यात प्रसूतीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला जाईल, आणि रुजू व्हायची तारीख. विम्याचा मुद्दा बायका विसरतात. जुन्या कंपनीचा गट विमा तिथल्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि स्वतःची वैयक्तिक पॉलिसी आज घेतली तर प्रसूतीसाठीची प्रतीक्षा मुदत बहुतेकदा बाळ चालायला लागलं तरी संपत नाही. नव्या कंपनीच्या गट विम्यात ती मुदत माफ आहे की नाही हे रुजू होण्याआधीच विचारावं लागतं.

उत्तर यायला २४ जुलै उजाडला. हे नऊ दिवस या प्रकरणातला सगळ्यात वाईट काळ. राजीनामा अडकलेला, लॅबची सात दिवसांची मुदत उलटलेली, आणि गेलेला प्रत्येक दिवस ऐंशीवा दिवस पुढे ढकलत होता. आषाढी एकादशीला सासूबाईंनी उपवास केला तो विठोबासाठी की एचआरसाठी, असं नवरा नंतर चेष्टेने म्हणाला. चौथ्या दिवशी तिने एक विनम्र आठवण पाठवली आणि मग गप्प बसली. १२ ऑगस्ट ही शेवटची तारीख तिने आधीच काढून ठेवली होती, म्हणून ती गप्प बसू शकली. तारीख माहीत नसती तर घाबरून राजीनामा देऊन टाकला असता, हे तिचे स्वतःचे शब्द.

मेल आलं ते कोरडं पण पुरेसं होतं. ऑफर कायम. एक्स-रे पुढे. विमा पहिल्या दिवसापासून. २५ जुलैला तिने राजीनामा दिला, २३ सप्टेंबरला सुटली, २५ ला रुजू झाली. तोवर पाचवा महिना सरला होता आणि ढगळ कुर्त्यातही कळत होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ओळख करून देताना सरांनीच सगळ्यांना सांगून टाकलं.

पुढे काय झालं

नव्या हिशेबाने ऐंशीवा दिवस २६ डिसेंबर. मध्ये तापाने तीन दिवस घरी बसावं लागलं. प्रोबेशनमध्ये रजा शिल्लक नसते, ते दिवस बिनपगारी गेले आणि मोजणीतूनही. ऐंशीवा दिवस ३० डिसेंबरवर गेला. ती ३१ ला पण गेली, एक दिवस राखून असावा म्हणून. नोव्हेंबरच्या मध्यापासून तासन्‌तास उभं राहून करायची तपासणी तिने लेखी विनंती करून टाळली. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीच्या महिन्यात असं अवघड काम देऊ नये असं कायदा म्हणतो, पण विनंती बाईने करायची असते, आपणहून कुणी खुर्ची आणून देत नाही. डोहाळजेवण दिवाळीनंतरच्या रविवारी उरकलं. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला व्हायचं होतं, ते रद्द करून मोशीतच केलं, कारण डिसेंबर संपेपर्यंत ती तळेगावला जात होती. यावरून तिची आई अजून थोडी नाराज आहे.

रजा १ जानेवारीला सुरू झाली. रजेतला पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढतात, म्हणजे तो नव्या, वाढलेल्या पगारावर निघाला. पीपीएपी वेळेत मंजूर झाली. १ जुलैपर्यंत २६ आठवडे भरले आणि ती परत रुजू झाली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, ते रजेच्या काळाइतकं लांबवलं गेलं. हा मुद्दा जुलैच्या मेलमध्ये पाचवा म्हणून विचारायला हवा होता, तो राहिला. एप्रिलची वार्षिक वाढ तीन महिन्यांच्या कामाच्या हिशेबाने मिळाली. आणि ऑडिटसाठी जो सहकारी तिने तयार केला, त्याच्याकडे तो ग्राहक कायमचा गेला. तिला दुसरा, लहान ग्राहक मिळाला. सर म्हणतात तो माणूस आता त्या कामात बसला आहे. ते खरंही आहे. आपल्या जागी माणूस तयार करून दिल्याची किंमत बाई अशी मोजते, आणि याला कुठलंच कलम लागू होत नाही. तरीही तो आराखडा पुढे केला नसता तर १५ जुलैचा फोन तितका सरळ गेला नसता असं तिला वाटतं, मलाही.

कायद्याचं नाव मधल्या काळात बदललं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ८० दिवस आणि २६ आठवडे तेच आहेत.

आता हेच प्रकरण ९० दिवसांच्या नोटिशीवर मांडून बघा, कारण पुण्यात ती जास्त आढळते. जुलैच्या मध्यावर राजीनामा, १८ ऑक्टोबरला रुजू, ऐंशीवा दिवस १८ जानेवारी, प्रसूतीची तारीख २५. मध्ये एक ताप आला की गणित फसू शकतं. अशा वेळी राजीनाम्याआधीच्या त्याच फोनवर पाचवी मागणी करावी लागते: तीस दिवसांची नोटीस विकत घ्या, नाहीतर रजेचा हक्क दिवस न मोजता द्याल असं पत्रात लिहा. काही कंपन्या देतात. देणार नसतील तर जुन्या कंपनीतच बाळंतपण करावं आणि मग नोकरी शोधावी, साणंद असो वा नसो. ऑफर पुन्हा येते. पगारी सव्वीस आठवडे त्या बाळासाठी पुन्हा येत नाहीत.